दुसरी आवक नाही

सही करायला धवलने पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि कागदावर वाकता वाकता त्याचं बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं. पंचाच्या जबाबाला ओळी चारच. अर्जदाराला मी ओळखतो. अर्जदाराची नोकरी मार्चपासून गेली आहे हे मला ठाऊक आहे. अर्जदाराच्या कुटुंबात दुसरी कोणतीही आवक नाही. वरील मजकूर मी वाचला असून तो खरा आहे. कागद गुजरातीत होता आणि धवलनेच टाइप केला होता. तरसालीच्या नाक्यावरच्या या झेरॉक्सच्या दुकानात तो रोज असे पाच-सात कागद टाइप करायचा, नावं बदलायची, ओळी त्याच. त्यामुळे तो स्वतःच्याच ओळीवर अडेल असं सुभाषला वाटलं नव्हतं. “काका,” धवल म्हणाला. तोंडात टोपण असल्यामुळे शब्द चावलेले आले. “यात काकींचं ट्यूशन राहिलं ने? माझी आकांक्षा तर त्यांच्याकडेच येते.” आणि तो हसला. हसण्यात काही नव्हतं. गिऱ्हाइकाचा आधार नंबर चुकला की तो असाच हसायचा. “करतो सही, मला शुं? फक्त तुम्ही एकदा वाचून घ्या. वाचलं म्हणून लिहिलंय खाली.” सुभाषने कागद घेतला. तो अजून गरम होता. झेरॉक्सच्या कागदाचा तो जळकट, कोरडा वास त्याच्या नाकात गेला आणि नाकाने सवयीने त्याची फोड करायला सुरुवात केली, कारण सव्वीस वर्षं त्याने रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत वासच ओळखले होते. कारखाना दहेजला गेला. प्रयोगशाळा गेली. नाक राहिलं. नखांच्या कडेचा पिवळा डागही राहिला, सात महिन्यांत नखं कितीतरी वेळा वाढली आणि कापली तरी. त्याने ओळ वाचली. पुन्हा वाचली. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

कॉलेजमधल्या खिडकीवर गेल्या आठवड्यात असंच कुणीतरी मागे खाकरत होतं. अस्मिता शेजारी उभी होती, एक पाऊल मागे, वडिलांबरोबर आहे आणि नाहीही अशी. आर्किटेक्चरचं तिसरं वर्ष. पहिली दोन वर्षं पूर्ण फी भरली, रुबाबात, सवलतीचा अर्ज घ्या म्हणून कॉलेजनेच मेल केला होता तेव्हा सुभाषने तो वाचून पुसून टाकला होता. आता अर्ज होता ‘कौटुंबिक परिस्थितीत बदल’ या नावाचा आणि त्यात कारणांचे चौकोन होते. मृत्यू. दीर्घ आजार. नोकरी जाणे. नैसर्गिक आपत्ती. इतर. खिडकीतल्या मुलीच्या गळ्यातल्या पट्टीवर रसिका लिहिलं होतं, बोलायला चांगली होती, तिन्ही भाषा एकाच वाक्यात बोलायची. “अंकल, डेथ असती तर एकदम सोपं होतं,” ती म्हणाली, “एक सर्टिफिकेट लावलं की पतलं, काम संपलं. नोकरी गेली म्हणजे काय, परत पण लागू शके ने. म्हणून आजच्या परिस्थितीचा दाखला पाहिजे. पंचांच्या सहीवाला. घरातल्या सगळ्यांची आवक धरून अडीच लाखांच्या आत.” मग अस्मिताकडे बघून, जरा हळू, “बावीस तारीख, पाच वाजेपर्यंत अपलोड. पछी पोर्टल बंद. सवलत नाही झाली तर तिसऱ्या वर्षाचं ॲडमिशन कन्फर्म नाही होणार, हां.” अस्मिता तिच्याशी इंग्रजीत बोलली. थँक्यू म्हणाली. बाहेर पार्किंगमध्ये स्कूटरला किल्ली लावत म्हणाली, “बाबा, मी वर्षभर ड्रॉप घेऊ शकते. आमच्या कुणाल सरांच्या ऑफिसात ड्राफ्टिंगला बसेन.” सुभाष म्हणाला, गरज नाही. हे वाक्य तो आयुष्यभर म्हणत आला होता. मुलीने मागितलं तर देऊ आणि कुणी दिलं तर गरज नाही. त्या संध्याकाळी त्याने हिशोब केला, एकदाच. मकरपुऱ्यात एका हार्डवेअरच्या गोदामात तो आता आलेला-गेलेला माल वहीत लिहायचा, त्याचे महिना बारा हजार. लीलाच्या ट्यूशनचे साधारण दहा. बेरीज दोन लाख चौसष्ट हजार. चौदा हजारांनी ते श्रीमंत होते. चौदा हजारांची श्रीमंती घरात नेमकी कुठे ठेवली आहे ते त्याने आजूबाजूला पाहिलं. पंखा होता, शोकेस होतं, शोकेसमध्ये दौत होती. मग तो धवलकडे गेला आणि म्हणाला, नेहमीचा मजकूर कर.

दौत दत्ताजीरावांची. दत्ताजीराव सुभाषचे पणजोबा, संस्थानाच्या खजिन्यात कारकून. त्यांच्याबद्दल घरात एकच गोष्ट सांगितली जायची आणि ती सांगितल्याशिवाय घरातून एकही पाहुणा चहा पिऊन गेला नव्हता. ती अशी की कचेरीतल्या दौतीतल्या शाईने त्यांनी घरचं पत्र कधी लिहिलं नाही, घरच्या पत्राला घरची दौत, आणि ती ही. माणसाने आयुष्यभरात काय केलं, तर शाई चोरली नाही. सुभाषला लहानपणी या गोष्टीने अंगावर काटा यायचा. पुढे पुढे त्याला स्वतःचीही अशी एक गोष्ट हवीशी वाटू लागली, आणि ती त्याला मिळाली तेरा वर्षांपूर्वी, एका रविवारी, जशुभाईंच्या हातून. जशुभाई म्हणजे धवलचे वडील, समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचे, नळाच्या फिटिंगची कामं घ्यायचे. धवल तेव्हा बारावी झालेला. त्याच्या स्कॉलरशिपला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पंच हवा होता. सोसायटीत सही मागायला लोक सुभाषकडेच यायचे, कारण मराठी साहेब, कारखान्यात सुपरवायझर, सही वळणदार, इंग्रजीत. जशुभाई कागद घेऊन आले, सोफ्याच्या कडेवर बसले, “जय श्रीकृष्ण, साहेब, एक तकलीफ देवानी छे,” म्हणाले. सुभाषने चष्मा लावला. कागद वाचला. इतर कुणी वाचत नसत. तिसऱ्या ओळीवर त्याने बोट ठेवलं, आज धवलने ठेवलं तसंच, त्याच जागी, आणि विचारलं, “तुमच्या नयनाबेन साड्यांना फॉल-बीडिंग करतात त्याचं काय? ते यात कुठंय?” जशुभाई आधी हसले, मग बघितलं की हा हसत नाहीय. “ए तो, साहेब, एमनो टाइम जाय.” तिचा वेळ जातो. “नाही,” सुभाष म्हणाला, “काम आहे ते. पैसे येतात. ते धरल्याशिवाय मी सही करू शकणार नाही. माफ करा.” आणि कागद परत दिला, दोन्ही हातांनी, आदराने. जशुभाई चहा न पिता गेले. त्या रविवारचं ऊन आणि कढीपत्त्याच्या फोडणीचा वास आणि कागद परत देताना हातात आलेला एक हलकेपणा सुभाषने जपून ठेवला. गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात सांगितला. अकोट्याला मेहुण्याकडे सांगितला, पुण्याच्या लग्नात सांगितला, कारखान्यात कुणी बिलात हात मारला की जेवणाच्या टेबलावर सांगितला. नाव घ्यायचा नाही, ‘आमचे एक शेजारी’ म्हणायचा, तेही त्याला सभ्यपणाचं वाटायचं. पगार दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात पडत होता. पगार पडत असला की माणूस किती सरळ उभा राहू शकतो ते त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं, तो समजत होता की हे पाठीच्या कण्यामुळे आहे. त्या मुलाचं पुढं काय झालं, दाखला मिळाला की नाही, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर गोष्टीचा शेवट बदलला असता, आणि गोष्टीला शेवट चांगला होता.

“धवल,” तो आता म्हणाला. रांगेतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून काउंटरवर जरा वाकला. “तुझ्या वडिलांना मी सही दिली नव्हती. तेव्हा. तुला आठवतं?” हे बोलताना त्याला जी भीती वाटत होती तिच्यात एक प्रकारचा थाटही होता. एका मुलाचं शिक्षण आपल्या एका सहीने अडलं, तो मुलगा आज झेरॉक्स काढतो आणि आपण त्याच्यापुढे उभे. हे वाईट होतं, पण मोठं होतं. धवलने टोपण तोंडातून काढलं. “लो, काका, ते कोण विसरेल? पप्पा मरेपर्यंत सांगत होते. मराठी साहेब डरी गयो.” “घाबरला?” “हां ने. म्हणायचे, कंपनीची नोकरी आहे, कागदावर सही करायला डरतो बिचारा. वाईट नव्हते बोलत, हां काका. हसायचे.” “मग सही?” “सही तर तेव्हाच झाली. खाली उतरले, मेडिकलवाल्या हार्दिकभाईंनी करून दिली. पप्पांनी त्यांना सेव-उसळ खवडावी. मी पण होतो बरोबर. दोन प्लेट खाल्ल्या मी.” तो पुन्हा हसला. “स्कॉलरशिप पण आली. आपणच दोन वर्षांत सोडलं, डोकंच नव्हतं. तुमचा आज दुसरा पंच हार्दिकभाईच आहेत ने? त्यांना सांगा, माझ्या दाखल्याची पण सही तुम्हीच केली होती.”

सुभाष कागद घेऊन दुकानाबाहेर आला. दुपारी गोदामातून दोन तासांची सुट्टी घेतली होती, त्यातला पाऊण तास गेला होता. रस्त्यावर ऊन होतं, रिक्षा होत्या, एक गाय दुभाजकावर बसून रवंथ करत होती. सगळं पूर्वीसारखं होतं आणि तेच त्याला सहन होईना. त्याने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. त्याच्या आयुष्यातल्या एकमेव ठाम कृत्याने जगाला पाच मिनिटं उशीर झाला होता, जिना उतरून मेडिकलपर्यंत जायला लागतात तेवढी, आणि मग जगाने सेव-उसळ खाल्ली होती. अपराध हातात यावा म्हणून त्याने हात पुढे केला होता, तिथे अपराधही नव्हता. बाकी राहिला तो शब्द. डरी गयो. त्याने तो तपासून पाहिला, प्रयोगशाळेत नमुना उजेडाकडे धरून पाहत तसा. त्या रविवारी पोटात काय होतं? तत्त्व होतं. तत्त्वाखाली? कुणी चौकशी केली तर, साहेबांपर्यंत गेलं तर, हे होतं की नव्हतं? होतं. तेव्हाही होतं. त्याने ते दौतीच्या मागे ठेवलं होतं इतकंच. नळाची फिटिंग करणाऱ्या माणसाने सोफ्याच्या कडेवरून ते पाहिलं आणि हसून सोडून दिलं. तेरा वर्षं सगळ्या सोसायटीला ठाऊक असलेली गोष्ट सुभाष मांडवात बसून लोकांना उलटी सांगत होता आणि लोक ऐकत होते, चहा घेत होते, हो साहेब म्हणत होते. त्याला राग आला, पण तो कुणावर ठेवावा ते सुचेना. धवलवर ठेवता येईना. कॉलेजवर थोडा ठेवला, कारखान्यावर थोडा. उरलेला परत घेऊन तो घराचा जिना चढला.

दार उघडंच होतं. लीला पुढच्या खोलीत सतरंज्या घालत होती, तीनची बॅच यायची होती. सोळा वर्षं ही खोली दुपारी तीन ते सात तिची असायची आणि सोळा वर्षं सुभाष सातनंतर घरी यायचा, त्यामुळे खोलीचं हे रूप त्याने सुट्टीतच काय ते पाहिलं होतं. तेव्हाही तो आतल्या खोलीत दार लावून पेपर वाचायचा. फीचे पैसे ती कुठं ठेवते, भाजी कशातून येते, अस्मिताच्या शीटचे, मॉडेलच्या पुठ्ठ्याचे, बसपासचे पैसे कुणाकडून जातात, हे त्याला ठाऊक होतं आणि त्याने कधी विचारलं नव्हतं. “झालं?” लीलाने विचारलं. तो म्हणाला, “एक वाच.” तिने हात पदराला पुसले, कागद घेतला, खिडकीशी जाऊन वाचला. तिला गुजराती त्याच्यापेक्षा भरभर वाचता यायचं, मुलांना शिकवून शिकवून. तिसऱ्या ओळीला ती थांबली नाही. शेवटपर्यंत वाचलं आणि कागद परत दिला. “मग? धवलने सही नाही केली?” “तो करतोय. म्हणजे, त्याची मुलगी तुझ्याकडे येते, तो म्हणाला की,” आणि सुभाषने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “तुझं यात नाहीय.” “दिसलं.” “तुझं धरलं तर चौदा हजारांनी वर जातं.” “मग नका धरू,” लीला म्हणाली. सतरंजीची एक घडी उलटी पडली होती ती तिने पायाने सरळ केली. “लिहा. तसंही तुम्ही कधी धरलं होतंत?” ती हे चिडून म्हणाली असती तर त्याला उत्तर होतं. ती चिडली नव्हती. आज दूध उशिरा आलं म्हणावं तशी म्हणाली. मग पुढची सतरंजी उलगडत, “नयनाबेन होत्या तेव्हा मला सांगायच्या. गच्चीवर पापड घालायला जायचो ना आम्ही. म्हणायच्या, लीलाबेन, आखी सोसायटीमां एक तुमच्या साहेबांनी माझं फॉल-बीडिंग धरलं. काम छे म्हणाले. आमच्या यांना तोंडावर सांगितलं, म्हणे. केवढं कौतुक होतं त्यांना तुमचं. मरेपर्यंत.” “तू काय म्हणालीस?” “काय म्हणणार? म्हटलं, हो, दुसऱ्यांचं धरतात.” बाहेर जिन्यावर चपलांचे आवाज आले. “आधार घेते माझं,” ती म्हणाली, “अस्मिता म्हणत होती बायकोचं पण बघतात. चला, आकांक्षा येईल तिला सांगते, सगळ्यांना पाढे घालून बस म्हणावं. अर्ध्या तासात येऊ.”

तलाटी कचेरीत पंखा होता पण तो दुसऱ्या टेबलावर होता. धवल आणि हार्दिकभाई आधीच येऊन बसले होते, क्रिकेटबद्दल बोलत होते. हार्दिकभाई आता म्हातारे झाले होते. सुभाषला पाहून त्यांनी सलामासारखा कपाळाशी हात नेला, “आवो साहेब, बेसो.” त्या साहेबमध्ये काही असलंच तर ते सुभाषला दिसलं नाही. पाहण्याची त्याची हिंमत नव्हती. त्याने कागद पुढे केला आणि दोघांनीही सह्या केल्या. तलाटी चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं आलेलं, टेबलावर कागदांची चळत. त्याने कागद वरून खाली पाहिला, नोकरी गेल्याचं पत्र पाहिलं, गोदामाचं पत्र पाहिलं. मग मान वर केली आणि प्रश्न सुभाषला विचारला, बायका समोर बसलेल्या असल्या तरी प्रश्न नवऱ्यालाच विचारतात तसा. “बेन शुं करे छे?” सुभाषने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. ते त्याच्या तोंडात सोळा वर्षं होतं, कारखान्याच्या स्नेहसंमेलनात साहेबांच्या बायकोने विचारलं होतं तेव्हा तेच निघालं होतं, सुभानपुऱ्याला बहिणीच्या, अवंतीच्या सासरी तेच, पुण्यात तेच, सहज, न अडखळता, जरा कौतुकाने सुद्धा. आज ते बाहेर आलं नाही. तलाट्याचं पेन वर थांबलेलं होतं. धवल पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. भिंतीवर चार वाजायला दहा मिनिटं होती आणि पाच वाजता पोर्टल बंद होणार होतं, आणि सुभाषला दिसलं की आत्ता तो खरं बोलू शकतो, एकदाच, तीन शब्द, ती शिकवणी घेते, आणि मग अस्मिता कुणाच्या तरी ऑफिसात ड्राफ्टिंगला बसेल आणि त्याला मांडवात सांगायला आणखी एक गोष्ट मिळेल.

“काही नाही,” लीला म्हणाली. गुजरातीत म्हणाली, स्वच्छ, शिकवताना बोलते तशी. “घरीच असते. मुलं येतात शेजारची, वेळ जातो.” आवाज तिचा होता. बाकी सगळं सुभाषचं होतं. ‘वेळ जातो’वर येणारं ते हलकं हसू, हाताची ती झटकल्यासारखी हालचाल, सुद्धा. इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी ती शेजारी उभी राहून ऐकत होती. त्याला वाटायचं, ती पदर सावरतेय. तलाट्याने लिहिलं. गृहिणी. शिक्का मारला. “बाजूनी बारी पर, कलाक मां,” म्हणाला, म्हणजे बाजूच्या खिडकीवर, तासाभरात, आणि पुढचा कागद ओढला. बाहेर पडताना धवल म्हणाला, “थई गयुं, काका. मोटी वात नथी.” लीला रिक्षाने पुढे निघून गेली, मुलं वाट बघत होती. सुभाष खिडकीशी उभा राहिला. साडेचारला दाखला हातात आला, त्याने त्याचा फोटो अस्मिताला पाठवला आणि चालत निघाला, गोदामाला फोन करून सांगितलं की आज आता येणं होत नाही. नाक्यावर पोचेपर्यंत तिचा मेसेज आला. अपलोड झालं. एलिजिबल दाखवतंय. खाली एक हसरा चेहरा, आणि मग मिनिटाने दुसरा मेसेज. आईला सांगा.

जिन्यावर आकांक्षा बसली होती, धवलची, सात वर्षांची, दोन शेंड्या. पाणी प्यायला बाहेर आली होती आणि आत जायचं लांबवत होती. त्याला पाहून उठली. “काका, आ पप्पाए आप्युं छे, टीचरने आपवानुं,” म्हणाली आणि दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. पाकिटावर धवलच्या अक्षरात लिहिलेलं होतं, लीला टीचर, ऑक्टोबर. एका हातात दाखला, एका हातात पाकीट घेऊन सुभाष दाराशी उभा राहिला. आत चौदा मुलं सतरंजीवर होती. लीला फळ्याशी पाठमोरी, खडूने भागाकार मांडत होती, आणि खोलीत खडूचा, मुलांच्या घामाचा आणि डब्यातल्या थेपल्यांचा वास होता. तो वास त्याच्या नाकाला नवा होता, इतक्या वर्षांच्या घरात. आतल्या खोलीत जायचं तर मुलांमधून जावं लागणार होतं. बसायला जागा नव्हती. “झालं,” तो म्हणाला, “अस्मिताचं झालं.” लीलाने मान हलवली, फळ्याकडेच तोंड ठेवून. “बरं झालं.” “हे धवलने दिलंय. तुझी फी.” फी हा शब्द त्याने पहिल्यांदा वापरला होता. तिला ते ऐकू आलं की नाही कळलं नाही. “ठेवा तिथं,” ती म्हणाली, “दौतीखाली.” तो मुलांच्या अंगावरून पाय टाकत शोकेसपर्यंत गेला. एका मुलाने पाटी बाजूला घेतली. काच सरकवली. दौत काढणं-ठेवणं, पुसणं हे लीला करायची. पाहुण्यांना तो ती लांबून दाखवायचा. त्याने आता दौतीला हात घातला, पितळ आहे, भरीव असेल, म्हणून जरा जोर लावून, आणि ती इतकी हलकी निघाली की हात वर शोकेसच्या कप्प्यावर जाऊन आपटला. मुलं हसली. लीला वळली नाही. “इकडे बघा,” ती म्हणाली, “बाकी किती उरली?”